स्वयंपाकघराला नवा रंग

भगिनींनो, ओट्याखालचे कपाट तेलकट, काळपट झाले की नवे करून घ्यावेसे वाटते. आमचे सांगणे असे की, लाकूड शाबूत असेल तर सुताराचा खर्च नको, रंग पुरे.

आधी धान्य-भांडी बाहेर काढा. धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने कपाट पुसा; तेलकट लाकडावर रंग धरत नाही. जुना रंग मात्र कोरडा खरवडू नका. घरगुती रंगात दहा लाख भागांत शिसे 90 भागांहून जास्त नसावे, हा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात ते जास्त असू शकते, आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. म्हणून वॉटरपेपर ओला करून घासा, मुलांना दूर ठेवा, लादी ओल्या फडक्याने पुसा. मग प्रायमर आणि तो वाळल्यावर ऑइलपेंटचे दोन पातळ हात. नव्या डब्यावरील शिशाची नोंद वाचूनच डबा घ्या.

खिडकीला जुन्या सुती साडीचा अर्धा पडदा तारेवर ओवा. वरून उजेड येतो, खाली आडोसा होतो. खिडकी शेगडीजवळ असेल तर पडदा नको. बाटलीत मनीप्लँट ठेवा.

आणि बंधूंनो, ब्रश तुम्हीही हाती घ्या. जेवण सगळ्यांचे, तर कामही सगळ्यांचे!