गारद्याचा चेहरा

आपल्या समीक्षेला अधूनमधून एखाद्या विशेषणाचा मोह पडतो आणि मग विचाराने करावयाचे काम ते विशेषणच करू लागते. एके काळी 'जिवंत' या विशेषणाने ही जागा अडवली होती, पुढे ती 'व्यामिश्र'कडे गेली, आणि अलीकडे तेथे 'अगम्य' येऊन बसले आहे. अद्भुतरम्य कथावाङ्मयावरील चर्चासत्रांत व लघुप्रबंधांत त्याचा विशेष सुकाळ दिसतो. एक कल्पित राज्य असते, त्याचा राजा असतो आणि राजाच्या खांद्यामागे एक अंगरक्षक उभा असतो. तो थंड, निर्विकार असतो आणि आपण कोणाच्या बाजूचे आहोत याचा थांग तो कोणाला लागू देत नाही. हे पात्र दिसले की आमचा अभ्यासक लिहितो : 'ही व्यक्तिरेखा अगम्य आहे, म्हणूनच ती सखोल आहे.' या वाक्यातील 'म्हणूनच' या शब्दाला माझी हरकत आहे.

ही हरकत मला ग्रंथालयात सुचली नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. पदव्युत्तर वर्गात ऐतिहासिक कादंबरीतील दुय्यम पात्रांविषयी बोलत असताना मीही असेच एक वाक्य बोलून गेलो होतो. राजवाड्यातील पहारेकरी हे पात्र मुळातच अंतर्मन नसलेले असते, ते लेखकाला फक्त दाराशी उभे करावयाचे असते, असा माझ्या म्हणण्याचा आशय होता. जिंतूर तालुक्यातल्या बोरीहून येणारा एक विद्यार्थी मागच्या बाकावरून म्हणाला, "सर, आमचे आजोबा वाड्यावर पहाऱ्याला होते. वाड्यावर ते बोलत नव्हते. घरी लई बोलायचे." वर्ग हसला, मीही हसलो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलो. त्या दिवशी मी ज्याच्यावरून पुढे गेलो, त्याच मुद्द्याकडे आज परत येत आहे. बोरी हे माझेही गाव असल्यामुळे ते हसणे मला जरा अधिक बोचले, एवढीच त्यातील वैयक्तिक बाब.

माझे प्रतिपादन असे : अगम्यता हा पात्राचा स्वभावगुण नसतो. निवेदन कोठे उभे राहून पाहते, यावर ती अवलंबून असते. वाड्यातून पाहणाऱ्या निवेदनाला पहारेकरी अगम्यच दिसणार, कारण तो वाड्यात बोलत नाही. त्याचे बोलणे जेथे होते तेथे हे निवेदन कधी जातच नाही. अशा वेळी त्याच्या मौनाला 'गूढ खोली' म्हणणे म्हणजे निवेदनाने न केलेल्या प्रवासाचे श्रेय पात्राच्या खाती जमा करणे होय.

मराठीत या पात्राचे नाव 'गारदी' असे आहे. कवायती पायदळातील या पगारी शिपायाचे नाव युरोपीय 'गार्द' या शब्दावरून आले, आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात जे घडले त्यानंतर ते मराठी मनात विश्वासघाताचा पर्याय होऊन बसले. सुमेरसिंग, खरकसिंग व महंमद इसफ हे गारद्यांचे नायक, आणि त्यांच्यासह राघोबादादांच्या परिवारातील तुळाजी पवार, यांनी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा वध केला. ज्यांच्या हातांत वाड्याचा पहारा होता त्यांनीच वाड्याच्या धन्याला मारले. या घटनेवर आपल्याकडे बखरी झाल्या, नाटके झाली, चित्रपट झाले. खाडिलकरांचे 'भाऊबंदकी' १९०९ मधले, प्रभातचा 'रामशास्त्री' १९४४ मधला. या सर्वांत आपल्याला राघोबादादांची दुर्बलता कळते, आनंदीबाईंची महत्त्वाकांक्षा कळते, रामशास्त्र्यांची न्यायनिष्ठा तर मुखोद्गत होते. 'ध'चा 'मा' झाला की नाही याचा निर्विवाद पुरावा नसूनही ते अक्षर मराठी भाषेत वाक्प्रचार म्हणून कायमचे राहिले. परंतु ज्याच्या हाती तलवार होती त्या सुमेरसिंगाला काय वाटत होते, हा प्रश्न आपल्या वाङ्मयात प्रश्न म्हणून उभाच राहत नाही. त्याचा चेहरा थंड आहे, एवढ्यावर आपले समाधान होते.

इतिहासग्रंथांत मात्र एक तपशील सापडतो. त्या दिवशीचा गलबला थकलेल्या पगाराच्या मागणीपासून सुरू झाला, असे तेथे सांगितले जाते. ही मागणी खरी होती की कटाचे निमित्त, याविषयी मतभेद होऊ शकतो. पण निमित्त म्हणून तरी हीच मागणी का निवडली गेली? वाड्याच्या दाराशी गारदी पगारासाठी ओरडत आहेत, ही गोष्ट पाहणाऱ्या कोणालाही अशक्य वाटली नसती, हे त्याचे उत्तर होय. ज्या व्यवस्थेत पगार थकणे ही नित्याची बाब असते, त्या व्यवस्थेत निष्ठा 'अनिश्चित' असणे हे कोणा एका मनाचे गूढ कसे ठरेल? ही अनिश्चितता शिपायाच्या काळजात शोधण्यापूर्वी फडाच्या वहीत शोधावयास हवी होती.

आपल्या भाषेने हा हिशेब फार पूर्वी ओळखला आहे. आपण 'खाल्ल्या मिठाला जागणे' म्हणतो, 'निमकहलाल' आणि 'निमकहराम' म्हणतो. येथे निष्ठेचे मोजमाप मिठाने होते, म्हणजे अन्नाने आणि वेतनाने होते. समीक्षेने मात्र मीठ गाळले आणि निष्ठा तेवढी ठेवली. तिला 'आंतरिक मूल्य' ठरवले, आणि ते मूल्य ज्याच्यात दिसेना त्याला एक तर खलनायक ठरवले, नाहीतर 'अगम्य'. या दोन्ही निवाड्यांत मीठ कोणाचे होते आणि ते वेळेवर मिळत होते का, हे विचारण्याची गरज उरत नाही.

शिवाय, निष्ठेचा हा निवाडा कोणत्या बाजूला उभे राहून दिला जातो हेही पाहावे. प्रतापगडावर १० नोव्हेंबर १६५९ रोजी दोन अंगरक्षकांनी एकच काम केले. सय्यद बंडा आपल्या धन्यासाठी शिवाजी महाराजांवर धावून गेला आणि जिवा महालाने आपल्या धन्यासाठी त्याचा वार परतवला. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण आपण अभिमानाने सांगतो आणि तो अभिमान योग्यच आहे. परंतु धन्यासाठी प्राण देणाऱ्या सय्यद बंडाला आपण कधी 'निमकहलाल' म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. गारद्यांच्याच बाबतीत पाहा. मुजफ्फरखान गारद्याने १७५९ मध्ये सदाशिवरावभाऊंच्या जिवावर घाला घालण्याचा कट केला, तो बेइमान. इब्राहिमखान गारदी निजामाची चाकरी सोडून पेशव्यांकडे आला, १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर अखेरपर्यंत लढला आणि शत्रूच्या हाती सापडून मारला गेला, तो इमानाचा आदर्श. त्याच्याविषयीचा आदर यथार्थ आहे, पण त्यानेही एक धनी सोडला होता हे आपण सोयीस्करपणे विसरतो. तो सोडून आमच्याकडे आला, म्हणून त्याचा चेहरा आम्हाला वाचता येतो. चेहऱ्याची सुवाच्यता वाचणाऱ्याच्या सोयीवर ठरते, याला आणखी कोणते प्रमाण हवे?

१७७३ च्या त्याच दुपारी चापाजी टिळेकर हा सेवक नारायणरावांना वाचवू पाहताना मारला गेला. त्याच्या वर्तनाचे आपल्याला नवल वाटत नाही, कारण तो धन्यासाठी मेला. उलट तुळाजी पवार हा गारदी नसून आणि घरच्या परिवारातला असून मारेकऱ्यांत होता, तरी लोकस्मृतीने दोषाचे नाव 'गारदी' असेच ठेवले. बाहेरून आलेला, वेगळी भाषा बोलणारा, कवायती चालीचा पगारी माणूस थंड असणारच, हे गृहीत त्यामागे आहे. आपल्या मराठवाड्याला हा अनुभव जवळचा आहे. हैदराबाद संस्थानात निजामाच्या रक्षणासाठी हबशी घोडेस्वारांचे पथक होते, हैदराबादेतील 'ए. सी. गार्ड्‌स' ही वस्ती त्याचेच नाव सांगते. उमरावांच्या ड्योढ्यांवर आणि सावकारांच्या पेढ्यांवर अरब शिपायांचा पहारा असे. त्यांच्यातील 'चाऊस' हा मुळात लष्करातला एक हुद्दा. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले आणि पहारा संपला, पण हुद्दा आडनाव होऊन राहिला. आज परभणी-नांदेडकडच्या वर्गांत चाऊस आडनावाची मुले हजेरीला उभी राहतात. ती आपल्या शेजारची, आपल्याच बोलीत बोलणारी मुले आहेत. पण कादंबरीत तोच अरब पहारेकरी आला की आपली समीक्षा त्याला 'पाषाणहृदयी' म्हणून मोकळी होते.

आता ज्या अद्भुतरम्य वाङ्मयावरून हे 'अगम्य' प्रकरण सुरू झाले त्याकडे वळू. 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मंजुघोषा' (१८६८) यांच्या परंपरेत सुष्ट आणि दुष्ट पहिल्या भेटीतच ओळखू येत असत. त्या मानाने आजच्या इंग्रजी मालिकांतील संदिग्ध अंगरक्षक प्रगत वाटतो, हे समजण्यासारखे आहे. पण या मालिकांतील उत्तम लेखकांनी स्वतः काय केले आहे? जॉर्ज मार्टिन यांच्या मालिकेतील जेमी लॅनिस्टर हा राजरक्षक दलाचा सरदार. ज्याचे रक्षण करावयाचे त्याच राजाला त्याने मारले आहे आणि 'राजहंता' हे दूषण त्याला चिकटले आहे. १९९६ आणि १९९८ मधील पहिल्या दोन खंडांत तो आपल्याला केवळ इतरांच्या नजरेतून दिसतो. तेथे तो उद्धट, थंड आणि अविश्वसनीय आहे. २००० मध्ये आलेल्या तिसऱ्या खंडात प्रथमच काही प्रकरणे त्याच्या नजरेतून लिहिली जातात, आणि राजा संपूर्ण नगर जाळण्याच्या बेतात होता म्हणून आपण त्याला मारले, हे त्याच्याकडून कळते. पात्र तेच आहे, कृत्यही तेच आहे. बदलली ती पाहण्याची जागा, आणि अगम्यता विरून गेली. झेराल जनेत यांनी १९७२ मध्ये 'कोण पाहतो' आणि 'कोण सांगतो' यांत केलेला भेद आपण परीक्षेसाठी पाठ करून घेतो. तो वापरण्याची वेळ आली की मात्र आपण विशेषणाकडे धाव घेतो.

टॉल्किन यांच्या १९५५ च्या खंडातील बेरेगोंड हा दुर्गरक्षक याहून बोलका आहे. वेडाच्या भरात मुलाला चितेवर घेऊन जाणाऱ्या अधिपतीच्या हातून त्या मुलाला, फारामीरला, वाचवण्यासाठी तो पहारा सोडतो आणि पवित्र जागी रक्त सांडतो. नियमाने तो देहान्ताला पात्र आहे. नवा राजा त्याला दुर्गरक्षक दलातून काढतो आणि फारामीरच्याच रक्षकांचा नायक नेमतो. येथे निष्ठा नियमाशी की माणसाशी, हा खरा नैतिक पेच आहे, आणि तरीही बेरेगोंड क्षणभरही अगम्य नाही. तो बोलतो, घाबरतो, त्याला मुलगा आहे. सखोलतेसाठी चेहरा बंद असावा लागत नाही, हे सिद्ध करण्यास हे एक उदाहरण पुरेसे आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, रहस्य हे कथेचे न्याय्य साधन आहे. मान्य. अंगरक्षक फितूर आहे की नाही हे लपवून ठेवण्याचा लेखकाला पूर्ण अधिकार आहे. पण ते कथानकाचे रहस्य आहे आणि उलगडा झाल्यावर ते संपते. व्यक्तिरेखेची खोली उलगड्यानंतर वाढावयास हवी. शेवटचे पान वाचून झाल्यावर ज्या पात्राविषयी विचारण्यासारखे काही उरत नाही, त्याला सखोल म्हणणे हा कुलपालाच खजिना समजण्याचा प्रकार आहे.

दुसरा आक्षेप अधिक परिचित आहे : पगार, मीठ, हुद्दा हे सारे साहित्यबाह्य आहे. हा आक्षेप घेणाऱ्यांना मी एवढेच विचारीन की, निवेदन वाड्याच्या आत उभे आहे की बाहेर, ही बाब साहित्यबाह्य आहे काय? पात्राला संवाद किती मिळाले, त्याला घर आहे की नाही, त्याला कोणी नावाने हाक मारते का, या गोष्टी संहितेतच असतात. त्या न मोजता 'अगम्य' म्हणणारी समीक्षाच संहितेच्या बाहेर गेलेली असते.

सुमेरसिंगाची वकिली करण्याचा माझा हेतू नाही. कोवळ्या पेशव्याचा वध हा वधच होता, पगार थकला म्हणून तो क्षम्य ठरत नाही. उलट मी असे म्हणेन की, त्याच्या कृत्याचा निवाडा करावयाचा असेल तर आधी त्याला मन आहे हे मान्य केले पाहिजे. रामशास्त्र्यांनी राघोबादादांना दोषी ठरवले, कारण त्यांच्या ठायी हेतू आहे असे त्यांनी मानले. गारद्याला हेतूच न देणारी समीक्षा त्याला दोषीही ठरवू शकत नाही आणि समजूनही घेऊ शकत नाही. ती त्याला दाराचा एक भाग मानते.

या विषयावर लघुप्रबंध लिहू पाहणाऱ्यांना माझी विनंती आहे : 'अगम्य' हा शब्द खोडा आणि त्या जागी निवेदन कोठे कोठे गेले नाही याची नोंद करा. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या आजोबांनी घरी काय सांगितले, हे मी त्या दिवशी विचारले नाही. आज ते आजोबा नाहीत. वाड्यावरची कागदपत्रे मिळाली तर त्यांत त्यांचे नाव आणि पगाराचा आकडा सापडेल. ते घरी काय बोलत होते, ते मात्र आता कोठेच सापडणार नाही.