तिसरी बंदूक

खंडेनवमीला आपल्या घरांतून शस्त्रपूजा होते. पाटावर तलवार, कट्यार आणि असलीच तर ठासणीची जुनी बंदूक मांडली जाते, तिला हळदकुंकू आणि झेंडूचे फूल वाहिले जाते आणि घरातील वडीलधारे सांगतात की ही बंदूक पानिपतावर होती. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील किती वाड्यांतून मी हे वाक्य ऐकले असेल, त्याची गणती नाही. त्यांपैकी बहुतेक बंदुकांच्या घोड्याखाली तांब्याची टोपी बसविण्याचे बोंडले होते. पानिपतचा संग्राम 1761 सालचा. टोपीची बंदूक एकोणिसाव्या शतकातली. खुद्द इंग्रजी फौजेने ती 1840च्या सुमारास स्वीकारली. म्हणजे ज्या वस्तूपुढे आपण दरवर्षी हात जोडतो, तिच्याकडे नीट पाहण्याचे कष्ट आपण दोनशे वर्षांत घेतलेले नाहीत.

हे कोणाला कडू वाटेल. पण 2019 साली शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि आपल्या अभिमानाची परीक्षा झाली. एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच बंदुका बाळगता येतील, तिसरी जमा करावी, असे ठरले. ज्यांच्या घरी तीन होत्या, त्यांनी कोणती दिली? माझ्या पाहण्यातल्या घरांचे उत्तर एकच आहे. रिव्हॉल्व्हर ठेवले, बारा बोअरची ठेवली आणि पणजोबांची ठासणीची बंदूक ठाण्यात नेऊन दिली. मीही तेच केले. दोन वर्षांनी चौकशीला गेलो तेव्हा मालखान्यातल्या ढिगाकडे बोट दाखविण्यात आले. त्यात माझी कोणती, हे कोणालाच सांगता येईना. चिठ्ठी गळून पडली होती. दोष मालखान्याचा खराच; पण देणारा हात माझा होता.

त्या बंदुकीच्या कळीच्या पट्टीवर पुढच्या पंजात मुकुट धरून उभा असलेला सिंह कोरला होता. ते कंपनी सरकारचे चिन्ह. ती आमच्या घरात कशी आली, लुटीतून, खरेदीतून की नोकरीतून, हा प्रश्न मी तेव्हा विचारला नाही. नळीत बोट घालून आत मळसूत्री खाचा आहेत की ती गुळगुळीत आहे, हेही पाहिले नाही. हा तपशील क्षुल्लक नव्हे. 1853 सालच्या एनफील्ड रायफलीच्या काडतुसावरून 1857चा वणवा पेटला, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्यानंतर इंग्रजांनी काय केले, हे थोड्यांना ठाऊक आहे. हिंदी शिपायांसाठी त्यांनी दिसायला एनफील्डसारखीच, पण आतून गुळगुळीत नळीची बंदूक काढली. खाचा नसल्यामुळे तिचा नेम लांबवर टिकत नसे. बाहेरून तीच, आतून दुबळी. परकी सत्ता आपल्यावर किती विश्वास ठेवीत होती, याचा पुरावा अशा नळीत बोट घातल्यावर लागतो. आम्ही मात्र नळीला बाहेरून लाखेचे पॉलिश करतो आणि पट्टीवरचे साल व शिक्का काचकागदाने घासून चकचकीत करतो. जीर्णोद्धाराच्या नावाने चाललेला हा विध्वंस आहे.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतील. पहिला सज्जनांचा: शस्त्रांचे हे वेड आज हवेच कशाला? त्यांनी जपानकडे पाहावे. बंदुकीच्या बाबतीत इतके कडक कायदे थोड्याच देशांत असतील. तरी तेथे तोड्याच्या जुन्या बंदुकांची नोंद कलावस्तू म्हणून प्रांतिक शिक्षणमंडळाकडे होते आणि उत्सवांत जुन्या पोशाखातील पथके त्यांचे बार काढतात. अमेरिकेत 1933 पासून आणि इंग्लंडमध्ये 1952 पासून ठासणीच्या बंदुका चालविणाऱ्यांच्या संस्था आहेत. जागतिक स्पर्धांतून अस्सल बंदुकांचा वर्ग वेगळा आणि नकलांचा वेगळा असतो. आपल्याच देशात कोडगूच्या कोडवांना परवान्यातून सूट आहे आणि 2019 साली ती आणखी दहा वर्षांसाठी वाढविण्यात आली. आमचा कायदा मात्र एकाच वस्तूला दोन नावे देतो. 1972च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांची ऐतिहासिक बंदूक ही पुरावस्तू. ती देशाबाहेर नेता येत नाही. शस्त्र कायद्याप्रमाणे ती चालण्याजोगी असेल, तर रिव्हॉल्व्हरच्या रांगेतली तिसरी बंदूक. आणि आपण जपले नाही तर काय होते, ते शेजारी घडले आहे. 2003 साली काठमांडूच्या जुन्या शस्त्रागारातील हजारो बंदुका अमेरिकन व्यापाऱ्यांनी घाऊक विकत नेल्या. आज त्या तिकडच्या हौशी लोकांच्या घरी साफसूफ होऊन अभ्यासल्या जात आहेत.

दुसरा आक्षेप शूरांचा: शस्त्र चालविण्यासाठीच असते, मग दसऱ्याला पणजोबांच्याच बंदुकीचा बार काढू या. माझ्या लहानपणी काकांनी तो काढला होता. काळी दारू मिळेना, म्हणून काडतुसातली आधुनिक धूररहित दारू नळीत ठासली. काळ्या दारूसाठी घडविलेले, आतून गंजाने खाल्लेले लोखंड तो दाब कसे सोसणार? नळी फुटली आणि चुलतभावाची तीन बोटे गेली. पुढची दसऱ्याची दुपार त्या घरात कधीच पूर्वीसारखी झाली नाही. शिवाय आता उत्सवात निष्काळजीपणे बार काढणे हा दोन वर्षांपर्यंत कैदेचा किंवा लाख रुपयांपर्यंत दंडाचा गुन्हा आहे, आणि तो असावाच.

मग मार्ग कोणता? अस्सल बंदूक जपावी आणि नक्कल चालवावी. इटलीतल्या गार्दोने येथील कारखाने एनफील्डच्या हुबेहूब नकला आजच्या पोलादात करतात. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमनेही त्या केल्या. दारू मोजून ओतणे, गोळी गजाने बसविणे, टोपी चढविणे, चाप ओढणे आणि मग डोळ्यांपुढे पांढऱ्या धुराचा पडदा उभा राहणे, हे एकदा अनुभवले की लढाईची बखर वेगळी वाचता येते. मिनिटाला दोन-तीनच बार करणारा शिपाई रांगेत का उभा राही आणि पावसात हतबल का होई, हे समजते. आपल्या शहरांतील परवानाधारक रायफल क्लबांनी रीतसर परवानगी काढून अशी एक नक्कल ठेवावी आणि जाणत्याच्या देखरेखीखाली ती चालवू द्यावी, ही मागणी आपण का करू नये?

अस्सल बंदुकांसाठी सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्यांच्या घरी ती अजून आहे, त्यांनी घासणे थांबवावे, शिक्के-साले उतरवून छायाचित्र काढावे आणि घरातली कथा खरी-खोटी जशी असेल तशी लिहून ठेवावी. तिसरी बंदूक द्यायची वेळ आलीच, तर रिव्हॉल्व्हर द्यावे. रिव्हॉल्व्हर बाजारात पुन्हा मिळते.

माझी बंदूक त्या ढिगात आहे. तिच्यावरचा सिंह मला आठवतो, साल आठवत नाही. कारण ते मी कधी वाचलेच नव्हते.