अंगावर चढवण्याआधी लेबल कापा

सणाच्या खरेदीला मोठ्या साखळी दुकानात गेलात, की हल्ली एक नवल दिसते. निवडलेले सहा-सात कपडे काऊंटरवरच्या खोलगट ट्रेमध्ये एकदम टाकायचे. कोणी एकेक पट्टी यंत्रासमोर धरत नाही, तरी क्षणात पडद्यावर सगळ्यांची यादी आणि बेरीज हजर होते. रांग भराभर सरकते, मुलांना मौज वाटते. ही सोय चांगलीच आहे. पण त्या ट्रेने कपडे ओळखले कसे, आणि दुकानाबाहेर पडल्यावर ती ओळख पुसली जाते का, हे प्रत्येक ग्राहकाने एकदा समजून घ्यावे, म्हणून हे चार शब्द.

किमतीच्या पुठ्ठ्यात, किंवा आतल्या शिवणीला जोडलेल्या धुलाईच्या लेबलात, कागदाइतका पातळ एक टॅग असतो. उजेडासमोर धरला तर चंदेरी नागमोडी रेघा आणि मधोमध राजगिऱ्याएवढा काळा ठिपका दिसतो. रेघा म्हणजे अँटेना, ठिपका म्हणजे चिप. याला आरएफआयडी टॅग म्हणतात. त्यात बॅटरी नसते. वाचणाऱ्या यंत्राकडून रेडिओलहर आली, की तिच्याच ऊर्जेवर तो जागा होतो आणि आपला क्रमांक सांगतो. तुमच्या गाडीच्या काचेवरचा फास्टॅग याच जातीचा. टोलनाक्यावर गाडी पुरती न थांबताही पैसे कापले जातात, ते याच तंत्राने.

जुन्या बारकोडमध्ये आणि यात दोन मोठे फरक आहेत. बारकोड त्या प्रकारच्या मालाचा असतो. एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या हजार शर्टांवर एकच बारकोड. आरएफआयडीमध्ये त्या हजारांतल्या प्रत्येक शर्टाचा क्रमांक वेगळा. दुसरे असे, की बारकोड वाचायला तो डोळ्यांसमोर धरावा लागतो. हा टॅग कापडातून, पिशवीतून, काही मीटर अंतरावरूनही वाचता येतो आणि वाचला गेला हे तुम्हाला कळतही नाही.

दुकानदाराला याचा खरा उपयोग माल मोजण्यासाठी आहे. दिवसभराचे काम तासाभरात उरकते, कोणते माप संपले ते लगेच कळते, चोरीला आळा बसतो. यात गैर काही नाही. प्रश्न सुरू होतो तो बिल झाल्यानंतर. माल तुमचा झाला, पण टॅग अजून जिवंत आहे.

चिपला तुमचे नाव ठाऊक नसते. ते आपण सांगतो. काऊंटरवरचा मुलगा विचारतो, ‘‘मॅडम, मोबाईल नंबर?’’ आणि आपण सवयीने दहा आकडे सांगून मोकळे होतो. त्या क्षणी शर्टाचा क्रमांक आणि तुमचा नंबर एकाच बिलावर येतात. पुढे तोच शर्ट घालून तुम्ही त्याच दुकानाच्या दारातून आत गेलात आणि दारात वाचक-यंत्र असेल, तर तोंड उघडण्याआधीच तुम्ही कोण, मागे काय घेतले, किती खर्च केला, हे जुळवता येते. ज्याच्याकडे ही बिले नाहीत त्यालाही थोडेफार कळू शकते. क्रमांकाच्या एका भागावरून कंपनी आणि मालाचा प्रकार समजतो, आणि तोच क्रमांक दोन ठिकाणी दिसला तर तीच व्यक्ती दोन्हीकडे आली असा अंदाज बांधता येतो. रोज वापरायचे बूट, जाकीट, पाठीवरची सॅक यांच्याबाबत ही शक्यता जास्त.

आपल्याकडची दुकाने असे करतात, असा आरोप मी करत नाही. भीतीही घालायची नाही. अंगाला चिकटलेला टॅग वाचणे यंत्राला अवघड जाते, आणि असे टॅग साध्या मोबाईलला सहसा वाचता येत नाहीत. पण कुलूप चोरी झाल्यावर लावायचे नसते. सोय आधी येते, तिचा दुरुपयोग मागून येतो, आणि तोवर आपल्याला तिची सवय झालेली असते.

इतर देशांतल्या ग्राहकांनी हा प्रश्न वेळेवर विचारला. 2003च्या मार्चमध्ये बेनेटन या इटालियन कंपनीच्या कपड्यांत अशा चिप बसवल्या जाणार, अशी घोषणा चिप बनवणाऱ्या फिलिप्सने केली. अमेरिकेतल्या एका ग्राहक संघटनेने बहिष्काराची हाक दिली, आणि काही आठवड्यांतच बेनेटनला जाहीर करावे लागले, की आमच्या कपड्यांत चिप नाहीत. 2010 साली वॉलमार्टने अमेरिकेत जीन्स आणि आतल्या कपड्यांवर असे टॅग लावायला घेतले तेव्हाही ओरड झाली. टॅग काढून टाकता येतील असेच आहेत, हे कंपनीला सांगावे लागले. 2009 साली युरोपीय आयोगाने शिफारस केली, की टॅगमुळे ग्राहकाच्या खासगीपणाला धोका संभवत असेल तर ग्राहकाने स्पष्ट होकार दिल्याशिवाय टॅग विक्रीच्या जागीच बंद करावा, आणि दुकानात तशी खूण लावावी. बंद करण्याची सोय या टॅगच्या प्रमाणित रचनेतच आहे. ठरावीक आज्ञा दिली, की टॅग कायमचा मुका होतो. म्हणजे प्रश्न तंत्राचा नाही, इच्छेचा आहे.

आपल्या हातातही काही आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी दिला. मोबाईल नंबर दिला नाही म्हणून ग्राहकाला विक्री नाकारू नका, असे केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने मे 2023 मध्ये विक्रेत्यांना बजावले. त्याच वर्षी वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झाला. नोव्हेंबर 2025 मध्ये नियम आले, पण मुख्य बंधने लागू व्हायला त्यानंतर 18 महिन्यांची मुदत आहे. तोवर आपणच आपले राखणदार.

म्हणून एवढे करा.

खरेदी करताना मोबाईल नंबर मागितला तर नम्रपणे सांगा, ‘‘नंबर द्यायचा नाही, कागदी बिल द्या.’’ या एका वाक्याने धोका सर्वांत जास्त कमी होतो. नंबर दिल्याशिवाय बिलच करत नसतील, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन 1915 वर तक्रार नोंदवा.

काऊंटरवर विचारा, ‘‘यात आरएफआयडी टॅग आहे का? बिल झाल्यावर बंद करता का?’’ समोरच्याला उत्तर माहीत नसेल, तर त्याच्यावर चिडू नका, व्यवस्थापकाला विचारा. दहा ग्राहकांनी विचारले, की अकराव्यासाठी उत्तर तयार ठेवावे लागते.

घरी आल्यावर पुठ्ठ्याची लेबले आणि आतल्या शिवणीतली लेबले तपासा. बदलून घेण्याची मुदत संपेपर्यंत ती राहू द्या, कारण काही दुकाने टॅगशिवाय माल परत घेत नाहीत. मग धुलाईच्या सूचनांचा फोटो काढा, शिवण न उसवता लेबल कापा आणि टॅगचे मधून दोन तुकडे करूनच कचऱ्यात टाका. धुतल्याने टॅग मरेल या भरवशावर राहू नका. काही टॅग धुलाई सोसतील असेच बनवलेले असतात. आणि टॅग जाळायला म्हणून कपडा मायक्रोवेव्हमध्ये मुळीच ठेवू नका, आग लागू शकते.

घरातल्या मोठ्यांना हे समजावून सांगा, मुलांना लेबल उजेडासमोर धरून दाखवा. गणवेश, दप्तर, बूट यांपासून सुरुवात करा. ते रोज अंगावर असतात. आपल्या भागातल्या ग्राहक संघटनेकडेही हा विषय न्या, म्हणजे दुकानांनी दर्शनी भागात तशी पाटी लावावी ही मागणी एकट्यादुकट्याची राहणार नाही.

नवा कपडा अंगावर चढवण्याआधी आपण त्याला हळदकुंकवाचे बोट लावतो. त्याच वेळी कात्रीही हाताशी ठेवा. कपड्याचे पैसे तुम्ही मोजले आहेत. त्याच्यासोबत तुमचा माग कोणाला द्यायचा की नाही, हे तुम्हीच ठरवा.