विश्लेषण : रीमा दास यांचे चित्रपट आपल्या नायिकेबरोबरच मोठे कसे होतात?

गिटारसाठी हट्ट धरणारी आसामी खेड्यातील धुनू २०१७ मध्ये पडद्यावर आली. सात वर्षांनी तीच मुलगी, त्याच गावात, तरुण होऊन पुन्हा दिसली. वयात येण्याच्या गोष्टी अनेकांनी सांगितल्या. पण त्यासाठी कलाकार खरोखर मोठे होईपर्यंत थांबणारे दिग्दर्शक थोडेच.

कोण आहेत रीमा दास?

कामरूप जिल्ह्यातील छायगाव परिसरात वाढलेल्या दास यांनी पुणे विद्यापीठातून समाजशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतले. अभिनेत्री होण्यासाठी त्या मुंबईत आल्या, नाटकांत कामही केले. चित्रपटाचे औपचारिक शिक्षण मात्र त्यांनी घेतलेले नाही. ‘अंतर्दृष्टी’ (२०१६) हा त्यांचा पहिला चित्रपट. त्यानंतरच्या ‘व्हिलेज रॉकस्टार्स’ने त्यांना जगभर ओळख दिली.

‘व्हिलेज रॉकस्टार्स’मध्ये वेगळे काय?

लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन आणि निर्मिती अशी पाचही कामे दास यांनीच केली. हातात डीएसएलआर कॅमेरा, समोर गावातली मुले. चित्रीकरण सलग न करता काही वर्षांत पसरलेले. त्यामुळे पूर येतो तो खराच, शेत बुडते तेही खरेच. थर्माकोलची वाद्ये वाजवणाऱ्या मुलांच्या टोळीत धुनू एकटीच मुलगी. पहिली पाळी आल्यावर मोठी माणसे तिच्यासाठी नियम ठरवू लागतात. विधवा आई मात्र तिची बाजू घेते, तिला पोहायला शिकवते. कुणी भाषण देत नाही, हे या चित्रपटाचे मोठेच बळ.

२०१८ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. आसामी सिनेमाला हा मान जान्हू बरुआ यांच्या ‘हालधिया चराये बाओधान खाई’नंतर जवळपास तीन दशकांनी मिळाला. बालकलाकार भनिता दास, संकलनासाठी स्वतः रीमा आणि ध्वनीसाठी मल्लिका दास यांचाही गौरव झाला.

पुढच्या चित्रपटांत निरागसता टिकते का?

नाही, आणि ते बरेच झाले. ‘बुलबुल कॅन सिंग’ (२०१८) मधील तीन मित्र किशोरवयीन आहेत. मुलामुलींना एकत्र पाहून गावातले स्वयंघोषित संस्कृतिरक्षक मारहाण करतात, शाळाही मुलांचीच चूक मानते आणि शेवटी एक जीव जातो. ‘बायकी’ म्हणून चिडवल्या जाणाऱ्या सुमूची व्यथा तर आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्यात ओळखीची वाटेल. बर्लिन महोत्सवाच्या ‘जनरेशन’ विभागात या चित्रपटाची विशेष दखल घेतली गेली.

‘व्हिलेज रॉकस्टार्स २’ला २०२४ मध्ये बुसान महोत्सवात किम जिसोक पुरस्कार मिळाला. आता गिटार धुनूच्या हातात आहे, पण आईचे आजारपण आणि घराची जबाबदारीही तिच्याच खांद्यावर आहे. मराठीतील ‘शाळा’, ‘फँड्री’, ‘किल्ला’ यांतील मुलांचे पुढे काय झाले, हे आपल्याला कधी कळले नाही. धुनूचे मात्र कळते. भनिता आणि आईच्या भूमिकेतील बसंती दास यांच्या चेहऱ्यावरची वर्षे मेकअपने आलेली नाहीत.

मग अडचण कुठे?

‘एकटीने केलेला सिनेमा’ असे कौतुक वारंवार होते. त्यात थोडी सोयही आहे, कारण मग पैसा आणि वितरण कुठे होते, हा प्रश्न कुणी विचारत नाही. ‘व्हिलेज रॉकस्टार्स’ ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका ठरला. तरी अमेरिकेतील प्रचाराच्या खर्चासाठी धावाधाव करावी लागली आणि आसाम सरकारने एक कोटी रुपयांची मदत जाहीर केली. आसाममध्ये चित्रपटगृहे आधीच कमी, राज्याबाहेर आसामी चित्रपटाला मिळणारे खेळ त्याहून कमी. अशा स्थितीत चार वर्षे थांबून चित्रीकरण करायचे, तर छोटा कॅमेरा आणि घरची माणसे हाच परवडणारा मार्ग उरतो.