गंमत केली हो!

"हसा आणि निरोगी राहा" हा निरोप मला रोज सकाळी व्हॉट्सअॅपवर निदान तिघांकडून येतो. पाठवणाऱ्यांत आमचे नातलगही आहेत, म्हणून जरा स्पष्टच लिहितो. हे वाक्य अर्धवट आहे. कोण कुणाला हसतंय, ते आधी सांगा.

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन यांनी सहकाऱ्यांबरोबर २००३ साली ३२ विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात विनोदाच्या चार तऱ्हा आहेत. एक चारचौघांना जवळ आणणारी, दुसरी अडचणीत आपला तोल सांभाळणारी, तिसरी दुसऱ्याला टोचणारी, आणि चौथी, लोकांनी जवळ करावं म्हणून स्वतःलाच खाली पाडणारी. पहिल्या दोन ज्यांच्यात जास्त, त्यांच्यात नैराश्य कमी आढळलं. चौथीचं नेमकं उलट. (यातलं काय कशामुळे होतं, हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही.) मला अस्वस्थ करते ती तिसरी. तिचा स्वतःच्या नैराश्याशी फारसा संबंध दिसला नाही, दिसला तो वैरभावाशी. म्हणजे टोमणे मारणारा रात्री स्वस्थ झोपत असणार!

मी शिकवत होतो तिथे एक शिक्षक एका अडखळत वाचणाऱ्या मुलाला "या प्राध्यापक" म्हणून उभं करत. वर्ग खदखदून हसे. मुलगाही हसे. सहामाहीपर्यंत तो स्वतःच म्हणू लागला, "सर, प्राध्यापक आले, आता करमणूक!" शिक्षकखोलीत याचं कौतुक झालं, पोरगं किती खेळकर आहे म्हणून. त्या पोराने वर्गात हात वर करणं केव्हा सोडलं, ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

आता कुणी म्हणेल, चि. वि. जोशींचा चिमणरावही स्वतःचीच फजिती सांगतो की! सांगतो, पण कुणाची मर्जी राखायला नव्हे. आणि हास्यक्लबवाल्यांवर माझा राग नाही. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ साली मुंबईत सुरू केलेल्या त्या प्रकारात विनोदच लागत नाही, त्यामुळे कुणाचा बळीही जात नाही.

बळी जातात ते आपल्या घरांत. नव्या सुनेच्या पोळ्यांचे नकाशे, भाचीचा रंग, कुणाचं सुटलेलं पोट. ती गप्प झाली की "अगं, गंमत केली, एवढं काय मनाला लावून घेतेस?" म्हणजे टोचायचं आपण आणि विनोदबुद्धी नाही हा ठपका तिच्यावर. ही चलाखी मला मुळीच मान्य नाही, वयाने मोठे असाल तरीही.

असो. यंदा दिवाळीच्या फराळाला जमू तेव्हा पोळ्या, रंग, पोट आणि टक्कल एवढे विषय वगळून बघू. पहिली दहा मिनिटं बहुतेक सगळे मुकाट्याने चिवडा खातील. चालेल मला.