आंदोलकाचा गुन्हा आणि अणुकेंद्राचे फाटक

तारापूर अणुवीज केंद्रात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाची, मग तो अभियंता असो वा ठेकेदाराकडील सफाई कामगार, पोलीस पडताळणी व्हावी याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. किरणोत्सारी इंधन जेथे हाताळले जाते तेथे कोण येतो-जातो याची खातरजमा कोणतेही जबाबदार शासन करील. चोरी, बनावट कागदपत्रे, लाचखोरी यांबद्दल शिक्षा झालेल्या माणसाविषयी शंका घेणेही रास्तच. वादाचा मुद्दा निराळा आहे. नोंदलेल्या कोणत्या गुन्ह्याचा सुरक्षिततेशी खरोखर संबंध असतो, आणि ते ठरवतो कोण?

या प्रश्नाला आपल्या भागात विशेष धार आहे. केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. त्या भट्ट्यांतून २००५-०६ मध्ये वीज वाहू लागली, पुनर्वसनाची गाऱ्हाणी मात्र मागे उरली. शेजारच्या वाढवण बंदराविरुद्ध मच्छीमारांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले. मोर्चा, धरणे, रास्ता रोको म्हटले की लागणारी कलमे ठरलेली असत : भारतीय दंड संहितेची १४३, १८८, ३४१, आणि लोटालोटी झाली तर ३५३. १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत त्यांचे क्रमांक बदलले, आशय तोच राहिला. असा खटला वर्षानुवर्षे रेंगाळू शकतो. शिक्षा नाही, सुटकाही नाही; तोवर पडताळणीच्या कागदावर ‘गुन्हा दाखल’ एवढेच दोन शब्द.

या दोन शब्दांचे अर्थकारण पाहावे. नोंद असलेल्या माणसाला आत सोडले आणि काही विपरीत घडले, तर अधिकाऱ्याला जाब द्यावा लागतो. नाकारले तर त्याला कोणी काही विचारीत नाही. बोईसरमध्ये कामाच्या शोधात हात मुबलक असताना एका कामगाराची बाजू मांडण्यात ठेकेदाराला तरी कोणता लाभ? नाकारणाऱ्याला नकार फुकट पडतो, त्याची सारी किंमत ज्याच्यावर संशय घेतला तो भरतो. मग घरातील वडीलधारे मुलाला मोर्चाला जाऊ नको म्हणू लागतात, आणि ठेकेदाराला हवा तसा निमूट मजूर आयताच मिळतो.

याच पालघरमध्ये १४ ऑगस्ट १९४२ रोजी मोर्चावर गोळीबार होऊन पाच जण हुतात्मे झाले. त्यांच्या खांद्याला खांदा लावून चाललेले लोक तत्कालीन सरकारच्या लेखी बेकायदा जमावच होते.

आपला कायदा या बाबतीत अगदीच आंधळा नाही. अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २०१६ मध्ये नोकरीच्या अर्जात पूर्वीचा गुन्हा दडवण्याच्या प्रश्नाचा विचार केला. तरुणपणी घोषणा दिल्यासारखा क्षुल्लक गुन्हा दडवला असला तरी त्याकडे दुर्लक्ष करण्याची मुभा मालकाला आहे, असे त्यात म्हटले आहे. पण ती मुभा मालकाची; कामगाराचा हक्क नव्हे. शिवाय निकाल नेमणुकांविषयी आहे, ठेकेदाराच्या माणसाच्या प्रवेशपत्राविषयी नाही. अमेरिकेत साम्यवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून विल्यम ग्रीन या खासगी कंपनीतील अधिकाऱ्याची सुरक्षा-मान्यता काढून घेण्यात आली व त्याची नोकरी गेली. आरोप करणाऱ्यांची उलटतपासणी करू न देता केलेली ही कारवाई तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये अमान्य केली. पुढच्याच वर्षी ठेकेदारांच्या नोकरांना लेखी कारणे आणि सुनावणी देणारा आदेश निघाला. शीतयुद्धाच्या ऐन भरात भांडवलशाहीच्या माहेरघराला जे परवडले, ते आपल्याला का परवडू नये?

(२०२४ मध्ये निवडून आलेल्या ५४३ खासदारांपैकी २५१ जणांनी आपल्यावर फौजदारी खटले असल्याचे प्रतिज्ञापत्रात सांगितले आहे. त्यांना संसदेच्या फाटकावर कोणी अडवीत नाही.)

तेव्हा मागणी नेमकी हवी. प्रवेश नाकारल्यास लेखी कारण, ठरावीक मुदतीत सुनावणी आणि केंद्राबाहेरील अधिकाऱ्याकडे अपील. आंदोलनांतील खटले नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० खाली मागे घेता येतात. त्यासाठी सरकारी वकिलाला न्यायालयाची संमती लागते, म्हणजे सरकारकडे पाठपुरावा आलाच. दरम्यान कार्यकर्त्यांनी गावोगाव खटल्यांची यादी करावी, निकाली निघालेल्या प्रत्येक खटल्याच्या निकालाची प्रमाणित प्रत त्या त्या कामगाराच्या हाती द्यावी, आणि अर्जात विचारलेली माहिती दडवू नये हे त्याला बजावावे. मूळ गुन्हा किरकोळ असूनही तो लपवला म्हणून नोकरी गमावलेल्यांचीच प्रकरणे न्यायालयांपुढे पुन्हा पुन्हा येत असतात.