अपस्मार: औषध हरलें म्हणजे कारण शोधावें

अपस्मार हा शब्द आपल्या वैद्यकांत फार जुना आहे. 'अप' म्हणजे दूर जाणें आणि 'स्मार' म्हणजे स्मृति. ज्या व्याधींत स्मृति दूर जाते तो अपस्मार. चरकसंहितेंत निदानस्थान व चिकित्सास्थान या दोन्ही ठिकाणीं त्याचा स्वतंत्र विचार केलेला असून त्याचे चार प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांपैकीं तिन्ही दोषांच्या सन्निपातानें होणारा प्रकार असाध्य म्हटला आहे. प्राचीनांचा दोषविचार आज जशाचा तसा स्वीकारण्याचें कारण नाहीं. परंतु कांहीं रोग्यांस उपचार लागू पडतो व कांहींस पडत नाहीं, हा भेद त्यांनीं अचूक हेरला होता. औषधास दाद न देणारा अपस्मार, त्याचें एक महत्त्वाचें कारण व तें शोधण्याचे मार्ग यांविषयीं या महिन्यांत चार शब्द लिहावे असें आम्हीं योजिलें आहे.

औषध लागू पडलें नाहीं असें केव्हां म्हणावें, याची व्याख्या अपस्मारावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय वैद्यक संघानें २०१० सालीं ठरविली. रोगास अनुरूप अशीं दोन औषधें योग्य मात्रेंत, नेमानें व पुरेसा काळ देऊनहि झटके थांबले नाहींत, म्हणजे तो अपस्मार औषधास न जुमानणारा समजावा. दोनच औषधें कां, असा प्रश्न वाचकांस पडेल. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील रोग्यांचा अभ्यास २००० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत पूर्वीं औषध न घेतलेल्यांपैकीं शेंकडा ४७ रोगी पहिल्याच औषधानें झटक्यांपासून मुक्त झाले. दुसऱ्या औषधानें शेंकडा १३ ची भर पडली. तिसऱ्यानें मात्र केवळ शेंकडा एकाची. म्हणजे दोन औषधें हरल्यावर तिसऱ्यावर फार मोठी आशा ठेवतां येत नाहीं.

असें असतां आपल्या घरांतून काय घडतें? तिसऱ्यामागून चवथें औषध येतें. मध्यें नवस, अंगारे, ग्रहशांति होतात. कोणी चप्पल हुंगवितो, कोणी कांदा. या खटाटोपांत दहा वर्षांचा मुलगा वीस वर्षांचा होतो. वाढत्या मेंदूचीं हीं वर्षें परत मिळत नाहींत. वारंवार येणाऱ्या झटक्यांनीं अभ्यास मागें पडतो, पडून इजा होते, आणि झटके ताब्यांत नसलेल्या रोग्यास अकस्मात् मृत्यूचाहि धोका असतो. म्हणून दोन औषधें हरतांच विचारावयाचा प्रश्न 'आतां कोणतें औषध?' हा नसून 'झटके येतात कोठून?' हा आहे.

पुष्कळ मुलांच्या बाबतींत याचें उत्तर मेंदूच्या घडणींत सांपडतें. गर्भाच्या मेंदूंत मज्जापेशींचा जन्म आंत खोलवर, पोकळ्यांच्या भिंतीलगत होतो. तेथून आधारपेशींच्या लांब तंतूंच्या आश्रयानें त्या बाहेर सरकत येतात आणि मेंदूच्या करड्या सालींत सहा थरांनीं आपापली जागा घेतात. हें स्थलांतर मुख्यतः गर्भधारणेच्या तिसऱ्या ते सहाव्या महिन्यांत घडतें. मोठ्या पंगतींत ज्यानें त्यानें आपापल्या पाटावर बसावें तसा हा प्रकार आहे. परंतु कधीं कांहीं पेशी वाटेंतच, जणूं माजघरांतच, बसून राहतात. कधीं मेंदूच्या घड्याच पडत नाहींत व तो गुळगुळीत राहतो. कधीं उलट बारीक बारीक घड्यांची गर्दी होते. आणि कधीं सालीच्या एका लहानशा भागांत थरांची रचना विसकटते व पेशींचा आकारहि बिघडतो. या शेवटच्या प्रकारास 'फोकल कॉर्टिकल डिस्प्लेसिया' म्हणतात. डॉ. टेलर, डॉ. फॅल्कनर व त्यांचे सहकारी यांनीं लंडन येथें शस्त्रक्रियेंत काढलेल्या मेंदूच्या भागांचें निरीक्षण करून १९७१ सालीं त्याचें वर्णन प्रथम प्रसिद्ध केलें. शस्त्रक्रियेपर्यंत पोंचणाऱ्या मुलांच्या अपस्माराचें हें एक प्रमुख कारण आहे.

येथें एका गोष्टीचा स्पष्ट उच्चार करणें आम्हांस अवश्य वाटतें. असें मूल जन्मलें म्हणजे गर्भारपणीं ग्रहण पाळलें नव्हतें काय, अमुक खाल्लें होतें काय, अशी पृच्छा आईस होते. ही पृच्छा निराधार व निर्दय आहे. या विकृतीच्या अनेक रोग्यांत पेशींची वाढ नियंत्रित करणाऱ्या 'एम्‌टॉर' नांवाच्या जनुकांत बदल झालेला असतो, असें दक्षिण कोरियांतील शास्त्रज्ञांनीं २०१५ सालीं दाखविलें. हा बदल गर्भ वाढत असतां मेंदूच्या थोड्या पेशींतच घडलेला असतो. मातापित्यांकडून तो आलेला नसतो. मेंदूच्या घडणीचे कांहीं दोष आनुवंशिक असतात हें खरें, व त्यांसाठीं जनुकतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. परंतु वारसा म्हणजे अपराध नव्हे.

आतां निदानाविषयीं. त्याचा आरंभ घरींच होतो. झटका कसा सुरू झाला, मान कोणीकडे वळली, कोणता हात प्रथम झटकूं लागला, नंतर बोलतां येत होतें कीं नाहीं, यांवरून मेंदूंतील उगमस्थानाचा सुगावा लागतो. आजकाल प्रत्येक घरीं मोबाईल आहे. रोग्यास सुरक्षित ठेवून दुसऱ्या कोणीं झटक्याचें चित्रण केल्यास डॉक्टरांस त्याचा फार उपयोग होतो. मुलाच्या अंगावर जन्मापासून फिकट पांढरे चट्टे असल्यास तेंहि सांगावें. 'ट्यूबरस स्क्लेरोसिस' नामक विकाराची ती खूण असूं शकते.

पुढें रुग्णालयांत कांहीं दिवस ठेवून मेंदूच्या विद्युत्-लहरींचा आलेख व रोग्याचें चित्रण एकाच वेळीं घेतात. त्याच्या जोडीस एम्. आर्. आय्. असतो. सदोष भागाची साल किंचित् जाड दिसते, करड्या व पांढऱ्या भागांमधील सीमारेषा अस्पष्ट होते, आणि कधीं कधीं आंतील पोकळीपर्यंत निमुळती होत गेलेली शेपटीसारखी रेघ दिसते. हा दोष पुष्कळदां घडीच्या तळाशीं दडलेला असतो. म्हणून 'एम्. आर्. आय्. नॉर्मल' एवढ्या शेऱ्यावर समाधान मानूं नये. अपस्मारासाठीं ठरविलेल्या विशेष पद्धतीनें, पातळ छेदांनीं चित्रें घेतलीं होतीं काय व या विषयांतील जाणकारानें तीं पाहिलीं काय, हें विचारावें. तान्ह्या मुलाच्या मेंदूंतील पांढरा भाग पुरता परिपक्व झालेला नसल्यामुळें दोष झांकला जातो. अशा वेळीं दोन वर्षांच्या वयानंतर तपासणी पुनः करावी लागते. तरीहि उलगडा न झाल्यास पेट तपासणी करितात, किंवा मेंदूंत बारीक विद्युद्वाहक सोडून उगम शोधितात.

उगम एका ठिकाणीं सांपडला व तो भाग काढल्यानें वाणी, दृष्टि किंवा हालचाल यांस असह्य बाध येत नसला, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत औषधें हरलेल्या १८ वर्षें व त्याखालील वयाच्या ११६ रोग्यांवर प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. रोग्यांचीं कारणें निरनिराळीं होतीं. एका वर्षानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकीं शेंकडा ७७ झटक्यांपासून मुक्त होते. केवळ औषधांवर असलेल्यांपैकीं शेंकडा ७. दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकीं शेंकडा ३३ जणांस गंभीर दुष्परिणाम झाले, व त्यांत एका बाजूचें बळ कमी होणें हा प्रमुख होता. मेंदूचा कोणता भाग काढावा लागतो यावर हें पुष्कळसें अवलंबून असतें. म्हणून लाभ व हानि यांचा हिशेब लिहून घेऊन, घरांतील सर्वांनीं विचारपूर्वक निर्णय करावा. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा तिरुनाळ संस्थेंत १९९५ पासून हें कार्य चालू आहे. मुंबईंतहि अशी शस्त्रक्रिया होते. ज्यांस ती योग्य नाहीं त्यांच्यासाठीं तज्ज्ञांच्या देखरेखीखालील विशेष स्निग्ध आहारासारखे उपाय आहेत. कारण कळलें तरी चालू औषध मात्र आपल्या मनानें बंद करूं नये. त्यानें झटक्यांची मालिकाच लागण्याचा संभव असतो.

एक शेवटची गोष्ट. विवाहांत विघ्न येईल या भयानें आपल्या समाजांत हा रोग लपविला जातो. हिंदु विवाह कायद्यांत १९७६ सालीं अपस्माराचे वारंवार येणारे झटके हें विवाहास बाधक कारण म्हणून घालण्यांत आलें होतें. १९९९ सालीं तें वगळण्यांत आलें. कायद्यानें जें सोडून दिलें तें आपण मनांत धरून बसावें काय? लपविलेल्या रोगाची तपासणी होत नाहीं, आणि तपासणीवांचून कारण सांपडत नाहीं. ज्या घरीं दोन औषधें हरलीं आहेत, त्या घरच्या वडीलधाऱ्यांनीं मुलाचे जुने कागद व चित्रें एकत्र करून अपस्मारतज्ज्ञाची भेट याच महिन्यांत ठरवावी, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंति आहे.